चूक आजीची की पडद्याची?



या वेळच्या भित्तिपत्रकात विज्ञानाचा कोपरा आमच्या सातवीच्या वर्गाकडे आला आहे. कुणी भरती-ओहोटीवर लिहिले आहे, कुणी खारफुटीवर. मी मोबाईलच्या पडद्यावर, म्हणजे स्क्रीनवर लिहिणार आहे. मोबाईलच्या पोटात काय असते ते मला सांगायचे नाही. पडद्यावर जी चित्रे, बटणे आणि अक्षरे दिसतात ती कुठे ठेवायची, केवढी ठेवायची आणि कशी काढायची, याचे एक शास्त्र आहे. ते आम्ही थोडे शिकलो, तेवढे सांगते.

या पडद्याला इंग्रजीत ग्राफिकल युजर इंटरफेस म्हणतात. थोडक्यात जीयूआय. नाव लांबलचक आहे, पण घाबरू नका. ग्राफिकल म्हणजे चित्रांचा. युजर म्हणजे वापरणारा. आणि इंटरफेस म्हणजे माणूस आणि यंत्र जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. घराला जशी पडवी, तशी यंत्राची ही पडवीच म्हणा. आलेला माणूस आधी तिथे टेकतो. पडवीतच ठेच लागली तर तो आत कसा येणार?

हा विषय मला पुस्तकात सापडला नाही. आमच्या घरी एक गोष्ट घडली, तिच्यामुळे सुचला.

घरी काय घडले

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. बाबा दोन खलाशांना घेऊन पहाटे दर्यात गेले होते. आई मासळीबाजारात आणि मी शाळेत. घरी एकटी आजी, आणि चार्जिंगला लावलेला घरचा मोबाईल. दुपारी मोबाईल वाजला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, खाली दोन बटणे. आजीला सही करता येते, त्यापलीकडे वाचता येत नाही. कुणाचा तरी फोन असेल असे समजून तिने एक बटण दाबले. ओळी नाहीशा झाल्या आणि पडदा पूर्वीसारखा झाला. आजी तांदूळ निवडायला बसली.

तो हवामानाचा इशारा होता. संध्याकाळनंतर वारा वाढणार, होड्यांनी किनाऱ्याकडे यावे, असा. दिवेलागणीला शेजारच्या काकांकडून आम्हांला ते कळले. तोवर बाबांचा फोन लागेनासा झाला होता. रात्री अकराच्या पुढे होडी आली. जाळे गेले, माणसे सुखरूप आली. तोपर्यंत आजी देवासमोरून उठली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर रागावले. "आजी, तुका कितीदा सांगलंय, कळणा नाय तर बोटा लावू नको!" ती एवढेच म्हणाली, "माजीच चूक गो बाये." नंतर किती दिवस फोन वाजला तरी ती हात लावीत नसे. लांबूनच मला हाक मारी.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली. बाई म्हणाल्या, "ती दोन बटणं कशी होती, फळ्यावर काढ पाहू." मी दोन चौकोन काढले. दोन्ही सारखे, एकाच रंगाचे, एकमेकांना चिकटून, आत इंग्रजी अक्षरे. बाईंनी विचारले, "कुठलं दाबल्यावर काय होणार, हे न वाचता तुला तरी कळलं असतं का?" मी म्हटले, "नाही." "मग आजीवर रागावलीस, पडद्यावर का नाही रागावलीस?" सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. त्या दिवसापासून आमचे हे शिकणे सुरू झाले.

पडद्यावर चित्रे कधी आली?

पूर्वीच्या संगणकावर अशी चित्रे नव्हतीच. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागे. एक अक्षर चुकले की काम अडले. शिकलेल्या लोकांनाही त्या आज्ञा पाठ कराव्या लागत.

मग काहींनी विचार केला, की माणसाने यंत्राची भाषा पाठ करण्यापेक्षा यंत्रानेच माणसाला समजेल असे काही दाखवावे. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माऊस लोकांसमोर चालवून दाखवला. त्यांचा पहिला माऊस चक्क लाकडाचा होता. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर चित्रे होती, आणि माऊस फिरवून त्यांकडे बोट दाखवता येई. जानेवारी १९८४ मध्ये अॅपल कंपनीचा मॅकिंटॉश आला, आणि असा पडदा पुष्कळ लोकांच्या घरांत पोहोचला.

मॅकिंटॉशची छोटी चित्रे सुझन केअर या चित्रकार बाईंनी काढली. कशावर, सांगू? आपल्या गणिताच्या वहीसारख्या चौकटीच्या कागदावर! आडवे ३२ आणि उभे ३२, म्हणजे एकूण १०२४ चौकोन. प्रत्येक चौकोन एक तर काळा करायचा, नाही तर कोरा ठेवायचा. एवढ्यात चित्र ओळखू आले पाहिजे. आम्हीही करून पाहिले. मी पापलेट काढले तर मैत्रीण म्हणाली, "पिंपळाचे पान छान आले आहे." शेपटीला आणखी चार चौकोन काळे केले, तेव्हा पापलेट झाले. तुम्हीही घरी करून पाहा.

आता आम्ही शिकलेले धडे एकेक करून सांगते.

धडा पहिला : चित्र बघणाऱ्याच्या ओळखीचे हवे

संगणकावर काम जपून ठेवण्याच्या बटणावर बहुधा एका चौकोनी तबकडीचे चित्र असते. तिला फ्लॉपी म्हणत. आमच्या वर्गात ती कुणीच पाहिलेली नाही. आम्ही ते चित्र नुसते पाठ केले आहे.

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५१ च्या जनगणनेनुसार तेव्हा देशात शंभरात सुमारे १८ लोकांनाच वाचता येत होते. मग मत कसे देणार? म्हणून प्रत्येक पक्षाला ओळखीच्या वस्तूचे चिन्ह मिळाले. नाव वाचता आले नाही तरी चिन्ह ओळखता येते. पडद्यावरच्या चित्रांचे कामही तेच आहे.

धडा दुसरा : बटण मोठे हवे, आणि सुटे हवे

१९५४ साली पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले, की लक्ष्य जेवढे मोठे आणि जेवढे जवळ, तेवढा हात तिथे लवकर पोहोचतो. लहान आणि दूर असले की वेळ लागतो. यात काय विशेष, असे वाटेल. पण होडी हलत असताना ओल्या बोटाने मोबाईल दाबून पाहा, म्हणजे कळेल. पाण्याच्या थेंबांनी पडदा भलतेच काही समजतो. म्हणून महत्त्वाचे बटण मोठे करावे. ज्यांची कामे एकमेकांच्या उलट आहेत अशी दोन बटणे कधीही चिकटून ठेवू नयेत.

धडा तिसरा : यंत्राने उत्तर दिले पाहिजे

आपण हाक मारली आणि समोरच्याने "ओ" दिली नाही, तर आपण पुन्हा हाक मारतो. यंत्राचेही तसेच आहे. बटण दाबल्यावर काही दिसले किंवा ऐकू आले नाही, तर माणूस पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे मतदानाचे यंत्र. आपल्याच शाळेच्या वर्गात मतदान होते, त्यामुळे ते पालकांच्या परिचयाचे आहे. आपल्या देशात ते प्रथम मे १९८२ मध्ये केरळातील परूर येथे वापरले गेले. पुढे त्याचे आजचे रूप मुंबईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांनी आखले. उमेदवाराचे नाव, फोटो, चिन्ह, दिवा आणि निळे बटण, सारे एका ओळीत असते. बटण दाबले की त्याच ओळीतला लाल दिवा लागतो आणि मोठा आवाज होतो. शेजारच्या यंत्रात काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते. डोळ्यांना उत्तर, कानांना उत्तर. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बोटांनी वाचायची ब्रेल अक्षरेही आहेत.

निवडणुकीआधी गावात या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा मी आजीबरोबर गेले होते. आजीने कुणाला काही न विचारता बटण दाबले, दिवा बघितला, आणि "झाला" म्हणून बाजूला झाली. माझ्या लक्षात आले, की ही तीच आजी, जिला मी कळत नाही म्हणाले होते. हे यंत्र तिला कळले, कारण ते तिच्यासारख्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते.

दर्यासाठीही असा विचार झाला आहे. आपल्या इस्रोने मच्छीमारांसाठी उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारे यंत्र केले. ते २०१० पासून वापरात आहे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने त्याची नवी आवृत्ती जाहीर केली. संदेश मिळाला, अशी पोच तिच्यावर बोटीत परत येते. मोबाईल जोडला तर किनाऱ्यावरून आलेले संदेश आपल्या भाषेत वाचता येतात. बुडत्या होडीतल्या माणसाला "तुझी हाक ऐकली" एवढे कळणे ही केवढी गोष्ट आहे, ते दर्यावर्दी घरांना सांगायला नको.

धडा चौथा : चूक सुधारता आली पाहिजे

माणूस चुकणारच. पाटीवर चुकले तर पुसता येते, म्हणून लहान मूल पाटीवर न घाबरता लिहिते. चांगल्या पडद्यावरही एक पाऊल मागे जायची वाट असते. जिथे मागे जाता येत नाही, तिथे आधीच सावध करावे लागते. मतदान यंत्रात निकाल दाखवणारे बटण झाकणाखाली असते, आणि ते झाकण मोहोरबंद करतात. चुकून हात लागू नये म्हणून.

आजीला बोललेले शब्द मात्र मला मागे घेता आले नाहीत. त्याला बटण नाही.

धडा पाचवा : आपली भाषा, आणि तिला पुरेशी जागा

पडद्यावर मराठी अक्षर दिसणे आज आपल्याला साधे वाटते. पण ते कुणीतरी आखावे लागते. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेली 'मंगल' ही अक्षरे विंडोज २००० या संगणक प्रणालीबरोबर आली, आणि पुष्कळांनी संगणकावर देवनागरी प्रथम त्यांतच वाचली. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार असतो. म्हणून इंग्रजीपुरती ओळीची उंची ठेवली, तर आपल्या अक्षरांचे डोके किंवा पाय कापले जातात. मराठीला जरा ऐसपैस जागा लागते. आणि एका पडद्यावर चार वाक्ये कोंबण्यापेक्षा एकच वाक्य मोठे लिहावे.

आमचा कागदी पडदा

धडे ऐकून झाले. मग बाई म्हणाल्या, "आता आजीसाठी इशाऱ्याचा पडदा तुम्हीच करा." आमच्याकडे काही मोठी साधने नव्हती. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा मोबाईलएवढा कापला, मधे खिडकी केली, आणि आतून सरकणाऱ्या कागदी पट्ट्या लावल्या. बटण दाबले की आम्ही पट्टी ओढायची. मोठमोठ्या कंपन्यांतले लोकही आधी असा कागदावर पडदा करून पाहतात, असे बाईंनी सांगितले. कागद फाडून टाकायला पैसे लागत नाहीत.

बाईंनी एक नियम घातला. दुसऱ्याच्या हातात पडदा द्यायचा, आणि आपण तोंड बंद ठेवायचे. "इथे दाब", "ते नको" असे काही सांगायचे नाही. तो कुठे अडतो तेवढे वहीत लिहायचे. मित्रांनो, हे फार कठीण आहे!

पहिली परीक्षा आजीची. आम्ही शिडाची होडी काढून तिच्यावर लाल फुली मारली होती. म्हणजे दर्यात जाऊ नका. आजीने पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "होडी इकूक काढलेली आसा काय?" मला सांगायचा इतका मोह झाला, की मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. शेवटी पट्टीवर काय आहे ते मी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मगे बंदरार बावटो लावतत, तो काढ. तीन नंबरचो बावटो लागलो काय कोण होडी दर्यात घालीत नाय."

आम्ही सगळे गप्पच झालो. वादळाची चिन्हे दिसली की बंदरावर धोक्याची खूण चढवतात. दिवसा आकार टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. त्यांना क्रमांक असतात, आणि तीन नंबरचा बावटा आपल्या किनाऱ्यावर लहान पोरालाही माहीत असतो. म्हणजे मोबाईल यायच्या किती आधीपासून आपल्या बंदरावर लांबून दिसणारा, न वाचता कळणारा इशारा होताच की! आम्ही तो रोज पाहतो, पण आठवला आजीला. त्यात आणखी एक गुण आहे. खूण नुसत्या रंगावर अवलंबून नाही. काही माणसांना जन्मतःच लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. त्यांनाही आकार आणि अंक कळतो.

दुसरी परीक्षा बाबांच्या होडीवरच्या खलाशी काकांची. त्यांचा अंगठा एवढा रुंद, की दोन्ही बटणे एकदम दाबली गेली. म्हणून एक बटण वर नेले, एक खाली ठेवले, आणि दोन्ही मोठी केली.

तिसरी परीक्षा दुसरीतल्या माझ्या भावाची. त्याने काही न बघता "कळलं" हे बटण दाबले आणि पट्टी सरकताच टाळ्या पिटल्या. म्हणजे गंमत म्हणून दाबले तरी इशारा जाणार! घरी नेमके हेच झाले होते. म्हणून आम्ही असे केले, की "कळलं" दाबले तरी पडद्याच्या माथ्यावर लहान बावटा राहतो. वारा उतरला असा संदेश आल्यावरच तो जातो. दुसऱ्या बटणावर कानाचे चित्र काढले. ते दाबले की इशारा मराठीत पुन्हा ऐकू येतो. सध्या ते बोलण्याचे काम आमच्या वर्गातला एक मुलगा पुठ्ठ्यामागे बसून करतो.

मग पुन्हा आजी. ती नारळ खवत होती. मी काही न बोलता पुठ्ठा तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसला, बघितले, आणि लगेच म्हणाली, "तीन नंबरचो बावटो! तुज्या बापाशीक फोन लाव." मग स्वतःच "कळलं"वर बोट ठेवले. खिडकीच्या माथ्यावर लहान बावटा राहिलेला बघून म्हणाली, "ह्या बरा केलास. आता इसारलंय तरी दिसतला."

आमचा पडदा कागदाचा आहे. त्याने खरा इशारा येत नाही, हे आम्हांला माहीत आहे. पण यंत्रापुढे कुणी अडला, की "याला कळत नाही" असे म्हणण्याआधी पडद्यावर काय दिसते आहे ते बघायचे, एवढे आम्ही शिकलो. पालकांना विनंती, की घरी मोबाईल वापरताना जिथे अडाल ते आम्हांला सांगा. लाजू नका. तुम्ही अडता ती जागा आमच्या अभ्यासाची.

जाता जाता एक. हे भित्तिपत्रकसुद्धा एक पडदाच आहे. मागच्या वेळी आम्ही ते मोठ्या माणसांच्या उंचीवर लावले होते, आणि पहिलीतली मुले उड्या मारून बघत होती. या वेळी दोन हात खाली घेतले आहे, मथळे मोठे केले आहेत. मोठ्यांना थोडे वाकावे लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

खाली डाव्या बाजूला दोऱ्याला आमचा कागदी पडदा टांगला आहे. जरूर वापरून बघा. शेजारी वही ठेवली आहे. चुकलात तर कुठे चुकलात ते लिहा, आणि पुढे चूक आमची म्हणून लिहा. माझी आजीही आज येणार आहे. तिला हा लेख वाचता येणार नाही, म्हणून कुणीतरी तिला तो मोठ्याने वाचून दाखवावा. मी वाचला असता, पण मधेच एका ठिकाणी माझा आवाज अडतो.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी